वारंवार विचारले जाणारे प्रश्न : डीव्हीडी प्लेअर घेताना आणि टिकवताना

ठाण्यात नौपाड्यापासून घोडबंदर रोडपर्यंतची आणि खाडीपलीकडे ऐरोली-वाशीकडची गिऱ्हाईकं दुरुस्तीच्या टेबलाशी उभी राहून जे विचारतात, ते इथे एकत्र केलं आहे. फक्त नवे सिनेमे बघायचे असतील तर डीव्हीडी प्लेअरच्या मागे लागू नका, मोबाईल आणि टीव्ही पुरे. ज्यांच्या कपाटात लग्नाची डीव्हीडी, नाटकांच्या व्हीसीडी, मुलांच्या गॅदरिंगच्या डिस्क पडून आहेत, त्यांच्यासाठी हे पान आहे. या डिस्क दुसरीकडे कुठेही मिळणार नाहीत. प्लेअर मात्र अजून मिळतो.

नवा डीव्हीडी प्लेअर आता मिळतो तरी का?

मिळतो, पण निवडीला वाव उरलेला नाही. शोरूममध्ये विचारलंत तर विक्रेता तुमच्याकडे जरा विचित्र नजरेने बघेल. ऑनलाइन काही अनोळखी ब्रँड दिसतात, अधूनमधून नामांकित कंपन्यांचा पडून राहिलेला माल दिसतो. हा सगळा धंदाच आवरता घेतला जातोय. ओप्पोने आपले नावाजलेले डिस्क प्लेअर २०१८ मध्ये बंद केले, सोनीने फेब्रुवारी २०२५ पासून कोऱ्या ब्लू-रे (डीव्हीडीच्या पुढच्या पिढीच्या) डिस्क बनवणं थांबवलं. त्यामुळे "पुढच्या दिवाळीला घेऊ" असं म्हणत असाल तर ते या दिवाळीलाच उरका.

अनोळखी ब्रँडचा नवा घ्यावा की नामांकित कंपनीचा जुना?

आमचं मत जुन्याच्या बाजूने आहे, पण कारण ब्रँडचं नाव नव्हे. प्लेअरमध्ये सर्वांत आधी थकते ती लेन्स. आम्ही लेन्स म्हणतो तेव्हा नुसती काच नव्हे, लेसर आणि तिला हलवणाऱ्या कॉइलसकटचा पूर्ण भाग धरायचा. बऱ्याच कंपन्यांनी ठरावीक लेन्स वापरल्या. सॅन्योची एसएफ-एचडी मालिका आणि सोनीची केएचएम मालिका यातल्या लेन्स कितीतरी वेगवेगळ्या नावांच्या प्लेअरमध्ये सापडतात. अशी लेन्स असलेला प्लेअर दुरुस्त होतो, कारण ती सुटी मिळते. जिचा नंबरही कुणी ऐकलेला नाही अशी लेन्स असेल तर वॉरंटी संपल्यावर तो प्लेअर म्हणजे रिकामा डबा.

म्हणून घेण्याआधी मॉडेल नंबर लिहून आणा आणि लेन्स मिळते का ते कुठल्याही दुरुस्तीवाल्याला विचारा. ठाण्यात नाही मिळाली तर ग्रँट रोडला लॅमिंग्टन रोडवर चौकशी करता येते.

आणखी एक. प्लेअर हातात घेऊन बघा. अगदीच हलका, पत्रा दाबला की आत जाणारा असेल तर डिस्क फिरताना तो थरथरतो, आणि ती थरथर लेन्सला सतत सावरून घ्यावी लागते.

सेकंड हँड घेताना काय तपासायचं?

विक्रेता जी डिस्क लावून दाखवेल ती बघू नका. ती चालणारच, म्हणून तर ती त्याने ठेवलेली असते. आपल्या डिस्क घेऊन जा, आणि त्याही नीट निवडून.

एक घरी किंवा स्टुडिओत राइट केलेली डीव्हीडी हवी, लग्नाची असेल तर उत्तम. एक दोन थरांची, म्हणजे ८.५ जीबीची, मोठ्या सिनेमाची मूळ डिस्क. आणि एक व्हीसीडी किंवा ऑडिओ सीडी. साध्या एका थराच्या छापील डीव्हीडीवरून ४५ ते ८५ टक्के प्रकाश परत येतो, दोन थरांच्या डिस्कवरून फक्त १८ ते ३० टक्के. लेसर अशक्त झाला असेल तर तो छापील साध्या डिस्कवर लपून जातो आणि दोन थरांच्या डिस्कवर उघडा पडतो. राइट केलेल्या डिस्कही थकलेल्या लेन्सला लवकर जड जातात.

व्हीसीडीची चाचणी वेगळ्या कारणासाठी. डीव्हीडी वाचायला ६५० नॅनोमीटरचा लाल लेसर लागतो, सीडी-व्हीसीडीला ७८० नॅनोमीटरचा, जो डोळ्यांना जवळजवळ दिसत नाही. एकाच लेन्समध्ये दोन्ही बसवलेले असतात आणि दोन्ही एकदम मरतात असं नाही. "डीव्हीडी मस्त चालते, पण गाण्याची सीडी लावली की नो डिस्क" ही तक्रार घेऊन येणारे त्यातलेच.

डिस्क सुरू झाली म्हणून समाधान मानू नका, थेट शेवटाकडे जा. एका थराची डिस्क आतून बाहेर वाचली जाते, त्यामुळे गच्च भरलेल्या डिस्कचा शेवट बाहेरच्या कडेला असतो आणि वाकडी चकती, थकलेली मोटर यांचं पितळ तिथेच उघडं पडतं. दोन थरांच्या डिस्कवर मध्यावर कुठेतरी क्षणभर चित्र थबकतं. तो दोष नाही, लेसर एका थरावरून दुसऱ्यावर जातो तेव्हाचा तो थांबा आहे. थबकून तिथेच अडकला तर मात्र सौदा सोडा.

शेवटी ट्रे पाच-सहा वेळा उघड-बंद करा आणि रिमोट मागून घ्या. बऱ्याच प्लेअरचं सेटिंग रिमोटशिवाय उघडतच नाही.

आमच्या नव्या टीव्हीला लाल-पांढरी-पिवळी पिनच नाही. मग?

आधी टीव्हीची मागची बाजू टॉर्च लावून नीट बघा. तीन गोल भोकांऐवजी 'एव्ही इन' लिहिलेलं एकच छोटं भोक असू शकतं, हेडफोनच्या पिनेएवढं. त्यासाठी टीव्हीच्या खोक्यात एक आखूड वायर आलेली असते, जी बहुतेक घरांत खोक्याबरोबर रद्दीत जाते. बाजारात तशी दिसणारी वायर मिळते, पण आतली जोडणी कंपनीगणिक वेगळी असू शकते. चित्राऐवजी गुरगुर ऐकू आली तर प्लेअरला दोष देऊ नका, पिनांची अदलाबदल करून बघा.

तेही भोक नसेल तर दोन वाटा. एचडीएमआय असलेला प्लेअर घ्या, किंवा आहे त्या प्लेअरला कन्व्हर्टर लावा. कन्व्हर्टर मागताना "एव्ही टू एचडीएमआय" असं स्पष्ट म्हणा. "एचडीएमआय टू एव्ही" नावाची डबी दिसायला तशीच असते, काम अगदी उलटं करते, आणि दुकानदार घाईत असला की हमखास तीच हातात येते. डबीला ५ व्होल्टचा सप्लाय लागतो. तो टीव्हीच्या यूएसबीमधून देता येतो, पण चित्र मधेच जात असेल तर मोबाईलचा चार्जर लावा.

एचडीएमआय आणि १०८०पी अपस्केलिंगला जास्त पैसे मोजावेत का?

एचडीएमआयला हो, कारण एकाच वायरीत काम होतं. अपस्केलिंगला नको. आपल्याकडच्या बऱ्याच डीव्हीडींवर चित्र ७२० बाय ५७६ ठिपक्यांचं असतं. ते ताणून मोठं करण्याचं काम टीव्हीही करतोच. डिस्कवर जे नाही ते कुणीच आणू शकत नाही. व्हीसीडी तर ३५२ बाय २८८ ची, म्हणजे डीव्हीडीच्या पावपट. ती ४३ इंची टीव्हीवर धुरकट दिसते, त्यात प्लेअर बिचारा काय करणार!

त्यापेक्षा ब्लू-रे प्लेअर घेतला तर? तो डीव्हीडीही चालवतो ना?

डीव्हीडी चालवतो. व्हीसीडी मात्र अनेक ब्लू-रे प्लेअर ओळखत नाहीत, आणि मराठी घरातली अर्धी मिळकत व्हीसीडीवर असते. २००७ च्या सुमारास मोझर बेअर या डिस्क बनवणाऱ्या कंपनीने २८ रुपयांना व्हीसीडी आणि ३४ रुपयांना डीव्हीडी विकायला काढली, तेव्हा लोकांनी भाजी घेतल्यासारख्या त्या घेतल्या. नाटकं तर दोन-दोन, तीन-तीन चकत्यांत यायची, कारण एका व्हीसीडीवर साधारण ७४ मिनिटंच बसतात. तुमच्याकडे असा साठा असेल तर साधा डीव्हीडी प्लेअरच घ्या.

मुलाने अमेरिकेहून प्लेअर पाठवलाय. लावू का?

थांबा. आधी मागची पट्टी वाचा. १०० ते २४० किंवा ११० ते २४० व्होल्ट लिहिलं असेल तर फक्त प्लगचा अडॅप्टर लागेल. नुसतं १२० व्होल्ट असेल तर आपल्या २३० व्होल्टवर लावल्या क्षणी सप्लाय जळेल. तो व्होल्ट कमी करणाऱ्या स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मरवरच चालवायचा.

दुसरी अडचण रीजनची, म्हणजे डिस्क आणि प्लेअर कुठल्या प्रदेशासाठी आहेत त्या क्रमांकाची. तो जुळला नाही तर डिस्क चालत नाही. अमेरिका-कॅनडा १, युरोप, जपान आणि आखात २, भारत ५. जिच्यावर शून्य किंवा 'ऑल' लिहिलंय ती डिस्क सगळीकडे चालते. बऱ्याच साध्या प्लेअरवर हे कुलूप नावालाच असतं, काहींवर रिमोटच्या कोडने निघतं, काहींवर निघत नाही. तुमची लग्नाची डिस्क कुठल्याच रीजनची नसते, तिला ही भानगड लागू नाही. चित्र काळं-पांढरं आलं किंवा वरखाली सरकत राहिलं तर सेटिंगमध्ये एनटीएससी (अमेरिकेतली चित्राची पद्धत) ऐवजी पाल (आपल्याकडची) किंवा ऑटो करून बघा.

पेन ड्राइव्ह लागतो, पण मोबाईलचा व्हिडिओ चालत नाही.

चालणार नाही. त्या काळचे प्लेअर एव्हीआय, एमपीजी, एमपी३ ओळखतात. मोबाईलचा एमपी४ त्यांच्या आवाक्याबाहेरचा असतो. पेन ड्राइव्ह एफएटी३२ पद्धतीने फॉरमॅट केलेला, शक्यतो ३२ जीबीपर्यंतचा हवा.

पावसाळ्यात प्लेअर हमखास बिघडतो. असं का?

ठाणे आणि नवी मुंबई दोन्ही खाडीच्या काठावर. जूनपासून सप्टेंबरपर्यंत हवेतला ओलावा भिंतींवर दिसतो, तो प्लेअरच्या आतही असतो. लेन्सवर बुरशी येते, चपट्या पट्टीचे म्हणजे रिबन केबलचे टोक काळपटतात, ट्रेचा रबरी पट्टा सैल पडतो. त्यात प्लेअर महिनोन् महिने बंद. मग गणपतीत कुणीतरी आरतीची सीडी लावायला जातं आणि "मागच्या वर्षी चांगला चालत होता हो" असं म्हणत आमच्याकडे येतं.

उपाय सोपा आहे, फक्त लक्षात राहत नाही. पावसाळ्यात आठ-पंधरा दिवसांतून एकदा अर्धा-पाऊण तास काहीतरी लावा. आतली ऊब ओलावा हाकलते आणि मोटर, पट्टा, लेन्सची घसरपट्टी मोकळी राहते. प्लास्टिकच्या पिशवीत गच्च बांधून ठेवणं सर्वांत वाईट, आतला ओलावा आतच कोंडतो. गुंडाळायचाच असेल तर सुती कापडात, बरोबर सिलिका जेलच्या पुड्या. गार एसी खोलीतून दमट खोलीत आणलात तर लगेच डिस्क लावू नका, लेन्सवर बाष्प धरतं. अर्धा-एक तास डिस्कशिवाय चालू करून ठेवा.

घोडबंदर रोडला बांधकामाची धूळ, तर नवी मुंबईतल्या टीटीसी औद्योगिक पट्ट्यातल्या कारखान्यांजवळ राहणाऱ्यांकडे संपर्काच्या पिना लवकर काळ्या पडलेल्या आम्हाला दिसतात. हवा बदलणं आपल्या हातात नाही, प्लेअरवर कापड टाकणं आहे. फक्त चालू असताना ते काढा.

टीव्हीशेजारी देवघर आहे. चालेल?

प्लेअरला नाही चालणार. अगरबत्ती-धुपाचा धूर आणि स्वयंपाकघरातून येणारी फोडणीची वाफ या दोन्हींचा तेलकट थर लेन्सवर बसतो, आणि तो नुसत्या फुंकरीने जात नाही. देवघर हलवा असं कुणाला सांगता येत नाही. तेव्हा प्लेअर दुसऱ्या बाजूला न्या. सेट-टॉप बॉक्सच्या डोक्यावरही ठेवू नका, तो खालून तापवत राहतो.

लेन्स क्लीनर डिस्क वापरावी का?

कोरडी धूळ असेल तर क्वचित, एकदा. बारीक ब्रश लावलेली ती चकती वेगाने फिरते आणि ब्रश लेन्सवर आपटत जातो. लेन्स नाजूक तारांवर तरंगत असते, दर आठवड्याला हा मार तिला सोसत नाही. तेलकट थर तर तिने निघतच नाही. त्यासाठी वरचा पत्रा उघडून, प्लग काढलेला असताना, कापसाच्या काडीला थेंबभर आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून हलक्या हाताने पुसावं लागतं. थिनर, स्पिरिट, अत्तर काही नको. प्लास्टिकची लेन्स पांढुरकी होते. पत्रा उघडा असताना प्लेअर चालू करून लेसरकडे वाकून बघायचं नाही. सीडीचा लेसर दिसत नसला तरी डोळ्याला इजा करतो.

चित्रात चौकोन चौकोन येतात, अडकतं. दोष डिस्कचा की प्लेअरचा?

तीच डिस्क शेजाऱ्याच्या प्लेअरमध्ये किंवा कॉम्प्युटरवर लावा. तिथेही त्याच जागी अडकली तर दोष डिस्कचा. दर वेळी वेगळ्या जागी अडकत असेल, किंवा पहिला अर्धा तास ठीक आणि तापल्यावर त्रास असेल, तर प्लेअरचा.

डिस्क कशी पुसायची? टूथपेस्टने ओरखडे जातात म्हणे.

मधून कडेकडे, सरळ रेषेत. गोल गोल पुसू नका. डिस्कवरची माहिती गोल रेघेत असते. आडवा ओरखडा त्या रेघेला थोडाथोडाच छेदतो आणि प्लेअर हिशेबाने गाळलेली जागा भरून काढतो. रेघेच्या दिशेने गेलेला ओरखडा सलग तुकडाच गिळतो. धूळ असेल तर मऊ कापड, बोटांचे डाग असतील तर पाणी आणि साबणाचा एखादा थेंब.

टूथपेस्ट म्हणजे बारीक पॉलिश पेपरच. कधी उथळ ओरखडा निघतो, कधी शंभर नवे पडतात. बाजारात मिळणाऱ्या डिस्कवर हौस करून बघा, लग्नाच्या डिस्कवर नको.

एक गोष्ट फार थोड्यांना माहीत असते. डीव्हीडीची माहिती १.२ मिलिमीटर जाडीच्या मधोमध, प्लास्टिकच्या दोन पातळ चकत्यांच्या बेचक्यात असते. व्हीसीडी आणि सीडीची माहिती मात्र वरच्या छापील बाजूला, लाखेच्या पातळ थराखाली असते. म्हणजे व्हीसीडी चमकदार बाजूने नव्हे, नावाच्या बाजूने जास्त जपायची. तिच्यावर बॉलपेनने "अंक दुसरा" असं लिहिलं की दुसऱ्या अंकाचं काही खरं नाही. कागदी स्टिकरही लावू नका, चकतीचा तोल जातो.

लेन्स बदलणं परवडतं का?

सप्लाय आणि बोर्ड ठीक असतील तर बहुतेक वेळा हो. फक्त लेन्स कोण बसवतोय ते बघा. नव्या लेन्सच्या बोर्डवर स्थिर विजेपासून बचावासाठी सोल्डरचा एक ठिपका मुद्दाम जोडून दिलेला असतो. पट्टी लावल्यावर तो उकलायचा, नाहीतर नवी लेन्सही "नो डिस्क" दाखवते. हे न कळून चांगली लेन्स खराब ठरवून परत केलेली आम्ही पाहिली आहे. बाजारात जुन्या काढलेल्या लेन्स पुसून नव्या पाकिटात येतात, तेव्हा बसवल्यावर पैसे देण्याआधी तुमची राइट केलेली डिस्क शेवटपर्यंत चालवून बघा.

लाइट जाऊन आली आणि प्लेअर बंद पडला.

बहुधा सप्लाय. कंडेन्सरचं डोकं फुगलेलं असतं किंवा फ्यूज उडालेला असतो, आणि ही दुरुस्ती स्वस्तातली. कधी कधी आत शिरलेली पाल निघते. यावर काही न बोललेलं बरं. रिमोटने बंद केलेला प्लेअर बंद नसतो, त्याचा सप्लाय चालूच असतो. रात्री भिंतीवरचं बटण बंद करा, आणि लाइट गेली की तेव्हाही ते पाडून ठेवा.

ट्रे उघडत नाही आणि डिस्क आत अडकली आहे.

सुरी घालू नका. आधी 'लॉक्ड' असं काही दिसतंय का बघा, काही प्लेअरमध्ये मुलांसाठी ट्रेला कुलूप असतं. नसेल तर रबरी पट्टा गेला असेल. बटण दाबून ट्रेच्या कडेला बोटाने हलकं ओढा. निघालाच तर डिस्क बाहेर काढून घ्या आणि पट्टा बदलेपर्यंत दुसरी घालू नका.

डिस्कमधला मजकूर कॉम्प्युटरवर घेता येतो का?

येतो, आणि प्लेअर चालू आहे तोवरच घ्या, असं आम्ही प्रत्येकाला सांगतो. यूएसबीवर लागणारा बाहेरचा डीव्हीडी रायटर पुरतो. घरच्या डीव्हीडीत 'व्हिडिओ टीएस' नावाचं फोल्डर असतं, ते जसंच्या तसं कॉपी करा. व्हीसीडीत 'एमपीईजीएव्ही' फोल्डरमधली डॅट फाइल. कॉम्प्युटरवरचं व्हीएलसी हे सॉफ्टवेअर दोन्ही चालवतं. मध्येच अडकली तर दुसऱ्या रायटरवर बघा, एकाला न वाचलेली डिस्क दुसरा वाचतो. कॅमेऱ्यातल्या ८ सेंटिमीटरच्या छोट्या डिस्क 'फायनलाइज' केलेल्या, म्हणजे रेकॉर्डिंग संपल्यावर कॅमेऱ्यातच पक्क्या करून बंद केलेल्या नसतील तर प्लेअरला दिसत नाहीत. त्यासाठी तोच किंवा त्याच कंपनीचा कॅमेरा शोधावा लागतो. गाडीतल्या किंवा लॅपटॉपच्या फटीत सरकवायच्या ड्राइव्हमध्ये छोट्या डिस्क घालू नका, बाहेर येत नाहीत.

विकत घेतलेल्या सिनेमांच्या डिस्कवर कुलूप असतं. ते तोडून देण्याचं काम आम्ही घेत नाही.

स्क्रीनवाला पोर्टेबल प्लेअर कसा?

आजीच्या उशाशी ठेवायला छान. बॅटरी मात्र आधी मरते आणि फुगली की वापरायची नाही. अडॅप्टर बदलताना व्होल्ट आणि पिनचं प्लस-मायनस जुळवा, आणि अडॅप्टरवर बीआयएसचं (भारतीय मानक ब्यूरोचं) चिन्ह व 'आर' ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक आहे का बघा.

दुरुस्त न होणारा प्लेअर कुठे टाकायचा?

ओल्या-सुक्या कचऱ्यात नाही. ई-कचऱ्याचे २०२२ चे नियम एप्रिल २०२३ पासून लागू आहेत, तो अधिकृत संकलन केंद्रातच द्यायचा. देण्याआधी ट्रे उघडून आत डिस्क राहिली नाही ना ते बघा.

दुरुस्तीला आणताना बरोबर काय आणू?

प्लेअर, रिमोट, त्याची एव्ही वायर, आणि जी डिस्क अडकते तीच. चालणारी डिस्क आमच्याकडे आहे. आणि आदल्या रात्री स्वतः उघडून स्क्रू काढले असतील तर ते कागदात गुंडाळून आणा. काय काय करून बघितलंत तेही सांगा, आम्ही रागावत नाही.